मांजर, कुत्रा आणि शेजार



लिलियन जॅक्सन ब्राऊन यांनी १९६६ साली कोको या सयामी मांजराला रहस्यकथेत आणले. इथल्या लुईझ पेनी यांच्या 'स्टिल लाइफ'मध्ये (२००५) क्वेबेकच्या खेड्यातली निवृत्त शिक्षिका जेन नील मरते आणि तिच्या लूसी कुत्रीला शेजारीण क्लारा घरी नेते.

मला वाटते, या कादंबऱ्यांची ओढ इथेच आहे. रक्तपात पडद्याआड राहतो. पण माणूस गेल्याची दखल सारे गाव घेते. शिवाय कुत्रा फिरवणाऱ्याला सगळी आळी ओळखते.

आपण मात्र हिवाळाभर बंद दारांआड. भारतातून आलेले आईबाबा दिवसभर एकटे. शेजारचा कुत्रा रात्रभर भुंकत राहिला, तर आपण तक्रार करू की दार वाजवू? यंदा दार वाजवूया.