गाडी कोणाच्या नावावर?

मैत्रिणींनो, देऊळघाटात नवऱ्यामागे एकीने अंगणात गंजलेली पिकअप पुन्हा उभी केली. पत्रा ठोकला, वेल्डिंग करून घेतलं, रंग स्वतः मारला. गावाने कौतुक केलं. आरसी बुकावर मात्र नाव मयताचंच! दीर त्यावरच टपलेला.

मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, ३ महिन्यांत ३१ नंबरचा फॉर्म भरून गाडी नावावर करायची. मृत्यूचा दाखला, विमा लागतो. इतर वारसांची संमतीही मागतात, आणि घोडं अडतं ते तिथेच. हौदा मनाजोगता वाढवता येत नाही, १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. फिटनेस हवाच.

मेकॅनिक मिळतो हो, पण बुलढाण्याच्या खेपांना सोबत कोण? सोमवारी मी तिच्याबरोबर निघतेय. आणखी दोघी हव्यात.