छायाचित्रांतील चेंगदू

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या विद्यार्थ्यांच्या छायाचित्र-प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



चीनच्या सिच्वान प्रांताची राजधानी चेंगदू. तेथे चार दिवस राहण्याचा योग मला आला. या शहराहून परतलेल्या प्रवाशांच्या संग्रहात एक चित्र हटकून आढळते : पुढे बांबूच्या खुर्चीत चहा पिणारा वृद्ध, मागे काचेचा उंच मनोरा. ते चित्र खोटे म्हणता येणार नाही. चेंगदूत मेट्रोचा पहिला मार्ग २०१० मध्ये सुरू झाला आणि दहा वर्षांत तिचे जाळे पाचशे किलोमीटरांपलीकडे गेले. त्याच शहरातील रेन्मिन उद्यानात १९२३ साली स्थापन झालेले ‘हेमिंग’, म्हणजे क्रौंचरव, नावाचे चहागृह आजही गजबजलेले असते.

माझा आक्षेप त्या चित्राखाली लिहिल्या जाणाऱ्या ‘निश्चिंत जीवन’ या दोन शब्दांना आहे. चित्र जरा निरखून पाहा. झाकण बाजूला ठेवलेले दिसताच पेल्यात गरम पाणी ओतणारा कामावर आहे. लांब दांडीची कोरणी आणि पिसे घेऊन, चिमटा झंकारत गिऱ्हाईक शोधणारा कानकोऱ्या कामावर आहे. निवांत बसलेल्या एकाभोवती किती हात राबत असतात! मुळात या निवांतपणाचा पायाच श्रमाचा. इ. स. पूर्व २५६ च्या सुमारास ली बिंग या प्रांताधिकाऱ्याने दुज्यांगयेन येथे, आडवे धरण न घालता, मिन नदीचा प्रवाह दुभंगून पाणी मैदानात वळवले. ती व्यवस्था आजही शेते भिजवते. पूर आणि दुष्काळ आवरले गेले, तेव्हा कोठे चहाला सवड मिळाली.

तेथील आकाश बहुधा ढगाळ. सिच्वानची कुत्री सूर्य दिसला की भुंकतात, अशी चिनी म्हणच आहे. छायाचित्रकाराला मात्र हा मंद उजेड वरदान ठरतो; चेहऱ्यावर कठोर सावली पडत नाही. खुर्च्या बुटक्या असल्याने उभ्याने टिपले, तर केवळ टकले आणि झाकणे मिळतात. खाली बसावे, चहा मागवावा, मग माणसे दिसू लागतात.

रुंद व अरुंद गल्ल्यांचा प्रसिद्ध भाग मला तितकासा भावला नाही. छिंग राजवटीत तेथे मांचू सैनिकांची वस्ती होती. नूतनीकरणानंतर २००८ मध्ये तो खुला झाला. राखाडी विटा, देखणे दरवाजे. पण बहुतेक दारांआड दुकाने आणि उपाहारगृहे. वाळत घातलेले कपडे शोधूनही दिसेनात.

उद्यानाच्या एका भागात आईवडील आपल्या उपवर मुलामुलींचे जन्मवर्ष, शिक्षण, उंची लिहिलेले कागद लावून बसतात. तेथे मी कॅमेरा पिशवीत ठेवला. परक्या प्रवाशाला ती गंमत वाटेल. त्या पालकांची ती काळजी आहे, आणि आपल्याकडच्या वधूवर मेळाव्यांत बसलेल्यांना ती समजावून सांगावी लागणार नाही.

म्हणूनच आजच्या प्रदर्शनासाठी मुलांना एकच अट घातली होती : चित्रातील व्यक्तीची अनुमती घ्या आणि ती काय काम करते ते तिलाच विचारून खाली लिहा. आपल्या बाजारातील कल्हईवाल्याचे चित्र डाव्या भिंतीवर तिसरे आहे. त्याखालचा मजकूर त्याने स्वतः सांगितला असून तो चित्रापेक्षा मोठा झाला आहे. तो कापू नका, असे मी शिक्षकांना सांगितले.