भुताच्या गोष्टीत राज्य कुणावर?

(फलटण येथे महिलांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



भुताच्या सिनेमाचा आणि आपल्या कामाचा काय संबंध, असं कुणाला वाटेल. पण आठवून पाहा, लहानपणी ऐकलेल्या गोष्टींतली किती भुतं बायकांची होती! हडळ, जखीण, बाळंतपणात गेलेली अळवंत. जिवंतपणी जिचं कुणी ऐकलं नाही, तिला मेल्यावरच गोष्टीत जागा मिळाली. म्हणून आज ‘लपाछपी’ हा मराठी चित्रपट आपण ‘गोष्ट’ म्हणून तपासू या. घाबरायचं नाही, प्रश्न विचारायचे.

विशाल फुरिया यांचा हा चित्रपट जुलै २०१७ मध्ये चित्रपटगृहांत आला. २०२१ मध्ये त्यांनीच तो ‘छोरी’ नावानं हिंदीत केला. नेहा (पूजा सावंत) आठ महिन्यांची गरोदर. नवऱ्याच्या कर्जापायी दोघांना शहर सोडावं लागतं आणि ती ड्रायव्हरच्या गावी, उसात दडलेल्या घरी येतात. उसाच्या फडात वाट चुकणं म्हणजे काय, हे फलटणकरणींना सांगायला नको. तिथं ड्रायव्हरची बायको तुळसाबाई (उषा नाईक) तिला आईच्या मायेनं सांभाळते. मग नेहाला चमत्कारिक मुलं दिसू लागतात, आणि हळूहळू कळतं, की या घराच्या पोटात मारलेल्या मुलींचा इतिहास आहे.

गोष्टींचा अभ्यास करणारे तोदोरोव्ह म्हणतात, गोष्टीच्या सुरुवातीला घडी नीट बसलेली असते, काहीतरी होऊन ती विस्कटते आणि शेवटी नवी घडी बसते. आता आपण विचारू, इथं बसलेली घडी कोणती? नेहाच्या बाजूनं पाहिलं तर शहरातला संसार. पण त्या उसातल्या घराच्या बाजूनं पाहिलं तर? तिथं मुली मारल्या जात होत्या, आणि सगळं कसं सुरळीत चाललं होतं! ती घडी भुतानं मोडली. म्हणजे ज्याला आपण संकट म्हणतो ते खरं तर त्या घरानं दाबून ठेवलेलं सत्य आहे. घराची शांतता हाच गुन्हा होता.

दुसरे अभ्यासक व्लादिमीर प्रॉप. त्यांनी १९२८ मध्ये रशियन परीकथांची चिरफाड केली आणि नायक, खलनायक, मदतनीस, दाता अशा सात भूमिका दाखवल्या. त्यांचं महत्त्वाचं म्हणणं असं, की भूमिका म्हणजे माणूस नव्हे. एकच माणूस दोन भूमिका करतो, आणि एक भूमिका अनेकजण मिळून करतात. तुळसाबाई आधी मदतनीस वाटते, मग तिचीच भीती वाटू लागते. सिनेमा पाहून बाहेर पडताना लोक काय म्हणतात? “बाईच बाईची वैरी!” इथं प्रॉपचं बोट धरून थांबायचं. खलनायकाच्या जागी एकटी तुळसाबाई उभी आहे का? वंशाला दिवा हवा म्हणणारा सासरा, गप्प बसणारा नवरा, जमिनीची वाटणी, हुंडा, हे सगळे तिच्या मागे रांगेत उभे आहेत. पडद्यावर चेहरा तेवढा तिचा दिसतो.

तिसरे लेव्ही-स्ट्रॉस. गोष्टी जोड्यांवर उभ्या असतात, असं ते सांगतात: शहर-गाव, शिकलेला-अडाणी, उजेड-अंधार. या सिनेमात भीती गावात, अंधारात आणि जुन्या चालीरीतींत आहे. इथं मात्र माझं सिनेमाशी भांडण आहे. तो पडद्यावर येण्याआधी चारच महिने, मार्च २०१७ मध्ये, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला १९ भ्रूण पुरलेले सापडले. गर्भपातात एका तरुणीचा जीव गेला तेव्हा ते उघडकीस आलं. तिथं शाप नव्हता, जुना वाडा नव्हता. होता दवाखाना. महाराष्ट्रात गर्भलिंगचाचणीविरुद्ध १९८८ मध्ये कायदा झाला, देशात १९९४ मध्ये. तरी सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे राज्यात २००१ साली ९१३ मुली होत्या, त्या २०११ साली ८९४ झाल्या. शिक्षण वाढलं, वीज आली, यंत्रं आली, आणि मुली कमी झाल्या. अंधाराला दोष देऊन उजेडातल्या दवाखान्याला सोडून देणारी गोष्ट आपल्याला अर्धवट वाटली पाहिजे.

आणि सगळ्यांत छोटी गोष्ट म्हणजे नाव. आपल्याच सातारा जिल्ह्यात मुलींना ‘नकुसा’, ‘नकोशी’ म्हणत. एका शब्दात अख्खी गोष्ट, आणि तिचा शेवटही आधीच ठरलेला. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं दिली गेली. नाव बदलून आयुष्य बदलतं असं नाही. पण गोष्ट कुणी सांगायची, हा हक्क तिथं थोडासा त्या मुलींच्या हाती आला.

आता गटांत बसून एक काम करा. हीच गोष्ट तुळसाबाईच्या तोंडून सांगा. ती या घरात सून म्हणून आली तेव्हापासून सुरू करा. मग ती न जन्मलेल्या मुलीच्या तोंडून सांगा. शेवटी नवऱ्याच्या तोंडून सांगा, आणि तो कुठे कुठे गप्प बसला ते मोजा.

लपाछपीत एकावर राज्य येतं, बाकीचे लपतात. या खेळात आजवर राज्य बाईवरच आलं. जे लपून राहिले त्यांना शोधून धप्पा द्यायचं काम आता आपलं.