उभ्या गाडीचं खातं

मी बँकवाला. गाडीतलं मला हिशेबापुरतंच कळतं. गेल्या जूनमध्ये रात्री दोन वाजता हिच्या छातीत दुखू लागलं. किल्ली फिरवली, तर गाडी नुसती 'टक' करून गप्प! समोरच्या विंगमधल्या शेजाऱ्यांनी आपली गाडी काढली, म्हणून वेळेवर पोचलो. ही आज पहिल्या रांगेत बसली आहे, म्हणून हे बोलवतंय.

बॅटरी दोनच वर्षांची, ठणठणीत. मग इलेक्ट्रिशियनने तिची काळी वायर सोडवून मध्ये मीटर जोडला, गाडी लॉक केली आणि अर्धा तास थांबला. आतली यंत्रं झोपायला वेळ लागतो म्हणे. ०.०५ अँपिअरपर्यंत ठीक, माझ्याकडे ०.३! एकेक फ्यूज काढत चोर सापडला: मीच हौसेने बसवून घेतलेला कॅमेरा. दिवसाला सात अँपिअर-अवर जाणार, बॅटरी ३५ ची. पाच दिवसांत खातं रिकामं. जमा नाही, कपात मात्र चालू.

आणि मी दर रविवारी पाच मिनिटं गाडी जागेवरच सुरू ठेवून पेपर वाचायचो! तेवढ्यात बॅटरी नीट भरून येत नाही. आता आठवड्याला अर्धा तास हायवेवर फेरी. (हिला ते फारच आवडलंय.) महिनाभर मुलाकडे जायचं असेल तर काळी वायर काढून ठेवतो, किल्ली खिशात आहे ना, हे आधी बघून.

माझा मीटर वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवलाय. सकाळी गाडी सुरू करण्याआधी लावून बघा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली. १२ दिसले तर त्याच दिवशी चार्जिंगला द्या.