एका शाळेचे दोन दाखले
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘परदेशातलं शिक्षण’ असा विषय दिला. एवढा मोठा विषय दहा मिनिटांत मावणार नाही. म्हणून मी एकाच शाळेबद्दल बोलते, माझी मुलगी जिथे शिकली तिच्याबद्दल, आणि त्यातही तिथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रांबद्दल. आपल्या शाळेतले मराठी माध्यमाचे वर्ग चालू ठेवायचे की नाही, यावर आज संध्याकाळी आपली चर्चा आहे. तिला याचा थोडा उपयोग व्हावा, एवढीच इच्छा.

आम्ही काही वर्षं जर्मनीत श्टुटगार्टला होतो. मुलगी तिथे दुसरीपर्यंत शिकली. नंतर नोकरीमुळे अमेरिकेत मेरीलँडला आलो. तिचं जर्मन तुटू नये म्हणून वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक इथल्या जर्मन शाळेत तिला घातलं. ही शाळा १९६१ पासून आहे. अशा जर्मन शाळा जगभरात सुमारे १४० आहेत. जर्मन सरकार पैशाची आणि शिक्षकांची मदत करतं, पण बहुतेक शाळा चालवतात त्या तिथल्याच लोकांच्या संस्था. फी भरावी लागते, आणि ती कमी नसते, हेही सांगून टाकते.

बारावीनंतर मुलांच्या हाती दोन दाखले येतात. एक अमेरिकन हायस्कूल डिप्लोमा, दुसरा ‘आबिटूर’, म्हणजे जर्मन विद्यापीठाचं दार उघडणारा दाखला. आबिटूरची परीक्षा पाच विषयांची असते, तीन लेखी आणि दोन तोंडी. तोंडी परीक्षेला जर्मनीहून अधिकारी येतात. एकूण गुण ९००. त्यातले ६०० शेवटच्या दोन वर्षांच्या वर्गातल्या कामाचे, आणि परीक्षेचे फक्त ३००. बोर्डाच्या पेपरच्या आदल्या रात्री जागलेल्या आपल्यासारख्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

खालच्या वर्गांत जर्मन पद्धतीत १ ही सगळ्यात चांगली श्रेणी आणि ६ सगळ्यात वाईट. नातीने फोनवर “आजोबा, गणितात एक मिळाला” असं सांगितलं, तेव्हा माझे बाबा जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “असू दे बेटा, तब्येत सांभाळ.”

पण मला सगळ्यात आवडलं ते तिसरं प्रमाणपत्र. त्याचं नाव ‘डॉइचेस श्प्राखडिप्लोम’, म्हणजे जर्मन भाषेचा डिप्लोमा. जर्मनीच्या राज्यांतल्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने तो १९७२ मध्ये सुरू केला. ज्यांच्या घरी जर्मन बोलत नाहीत अशा मुलांसाठी तो मुख्यतः आहे. त्याचे दोन टप्पे. पहिला पार केला की विद्यापीठाच्या पूर्वतयारीच्या वर्गात भाषेच्या बाजूने अडत नाही. दुसरा पार केला की थेट विद्यापीठासाठी भाषेची वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. मुलांकडून परीक्षेची फी घेत नाहीत. वाचून समजणं, ऐकून समजणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग असतात, आणि प्रत्येक भागात ठरलेली पातळी गाठावी लागते. पाठांतरावर निभत नाही.

बोलण्याच्या भागात मुलाने स्वतः निवडलेला विषय मांडायचा असतो आणि त्यावरच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची असतात. माझ्या मुलीने विषय घेतला लोणारचं सरोवर! आपली आठवीची सहल आठवते ना? जर्मनीत नोर्डलिंगन नावाचं गाव अशाच, पण कितीतरी मोठ्या, उल्कापाताच्या विवरात वसलेलं आहे. तिने दोन्हींची तुलना केली. तयारी करताना तिच्या बाई म्हणाल्या, “दगडांचं कळलं, पण तिथले लोक त्याबद्दल काय सांगतात?” मग आजोबांना फोन. लवणासुराची गोष्ट, दैत्यसूदनाचं देऊळ, सगळं तिने मराठीतून ऐकलं, वहीत टिपलं आणि जर्मनमधून सांगितलं. त्या प्रमाणपत्रावर मराठीचा उल्लेख कुठेही नाही. पण मराठी आली नसती, तर त्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं.

आता आपल्याकडे वळते. माझ्याकडे मराठीचा शेवटचा सरकारी कागद म्हणजे दहावीची गुणपत्रिका. अकरावीला मी बायफोकलला कॉम्प्युटर सायन्स घेतलं आणि मराठी तिथेच थांबली. काहींनी मार्क मिळतात म्हणून संस्कृत घेतलं, पुण्याला गेलेल्यांनी जर्मनसुद्धा. व्यवस्थाच तशी होती. पण त्या गुणपत्रिकेतल्या आकड्यावरून मला मराठीत नक्की काय करता येतं, हे कोणालाच कळत नाही.

हे बदलता येतं. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेच्या मदतीने अमराठी लोकांसाठी ‘माय मराठी’ हे पाठ्यक्रम केले. परकी भाषा पायरीपायरीने शिकवण्याचा अनुभव त्यांनी मराठीला लावला. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत आपली मुलं मराठीची परीक्षा देतात.

कोणी म्हणेल, जर्मनच्या मागे सरकार आहे, विद्यापीठं आहेत, नोकऱ्या आहेत. मराठीच्या मागे काय आहे? प्रश्न खरा आहे. एका कागदाने वर्ग वाचतील असं मी म्हणत नाही. पण पालक मुलं काढून नेतात ती मराठीच्या रागाने नव्हे, इंग्रजीच्या भीतीने. त्या भीतीला भाषणाने उत्तर मिळत नाही, पुराव्याने मिळतं. पोटोमॅकच्या शाळेत कोणी पालकांना ‘जर्मन की इंग्रजी’ असं विचारत नाही. दोन्ही शिकवतात आणि दोन्ही तपासून दाखवतात.

म्हणून माझी सूचना अशी. आपल्या बॅचच्या निधीतून प्रोजेक्टर घ्यायचं घाटतं आहे, तो जरूर घ्या. पण थोडी रक्कम बाजूला ठेवूया. दरवर्षी नववीच्या प्रत्येक मुलाने स्वतः निवडलेल्या विषयावर दहा मिनिटं मराठीत आणि पाच मिनिटं इंग्रजीत बोलावं. परीक्षक बाहेरच्या गावचे असावेत, म्हणजे ओळखीचे मार्क मिळणार नाहीत. प्रमाणपत्रावर आकडा नको. मुलाला काय समजतं, काय लिहिता येतं, काय बोलता येतं, हे साध्या वाक्यांत लिहावं. पालकांना वर्षाअखेरीस ते ऐकायला बोलवावं. पहिल्या तीन वर्षांचा खर्च आणि परीक्षेचा नमुना तयार करण्याचं काम मी घेते. तपासायला मात्र आमच्या मराठीच्या बाई हव्यात. निवृत्त झाल्या असल्या, तरी त्यांची लाल शाई अजून वाळलेली नसेल.

संध्याकाळी निर्णय काहीही होवो, या सूचनेवर दोन शब्द बोलावे, ही विनंती.