बोलता येईल एवढ्या वेगाने
(दहावी १९८६च्या वर्गाच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपल्या वर्गातला एक मित्र समोरच बसलाय. त्याच्या परवानगीने सांगतो.

वहिनी गेल्यावर तो लेकीकडे न्यू जर्सीला आला होता. मी तिथेच राहतो. नाताळच्या सुट्टीत रोज भेटायचो, पण हवापाण्यापलीकडे तो बोलत नसे. ३१ डिसेंबरला दुपारी मी म्हटलं, "चल, रात्री पळायला जाऊ." "वेडा झालास का?" म्हणाला, आणि बूट शोधायला लागला.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्या रात्री 'मिडनाइट रन' असते. बाराच्या ठोक्याला आतषबाजी होते आणि लोक पळू लागतात. अंतर चार मैल, म्हणजे सुमारे ६.४ किलोमीटर. आम्ही आयत्या वेळी नावं दिली.

मैलभर गेल्यावर तो बोलायला लागला. वहिनींचे शेवटचे दिवस, घरातली शांतता, सगळं. शेजारी शेजारी पळताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही; आवाज कापरा झाला तर दम लागला म्हणता येतं. पूर्ण वाक्य बोलता येईल तो सोपा वेग, असं पळणारे मानतात. आम्ही तोच धरला. कितीतरी लोक पुढे गेले, जाऊ दिले.

मित्रांनो, आपल्यातल्या अनेकांच्या मनात असं काही साठलेलं असेल. "कसा आहेस?" एवढं विचारून ते बाहेर येत नाही. उद्या सकाळी सहाला शाळेच्या मैदानावर या. पळा किंवा चाला, पण जोडीने.