मी मिसळ का खाल्ली नाही



सकाळी नाश्त्याला मी मिसळीला हात लावला नाही, पिशवीतली बाटली काढून पावडर कालवून प्यायले. तेव्हापासून तिघांनी “डाएट का गं?” विचारलं. माझ्या बाकावरची मैत्रीण तर “पुण्याला जाऊन नखरे वाढलेत हिचे” म्हणाली. तिला हक्क आहे. पाच वर्षं माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तिनेच संपवली. म्हणून आठवणी बाजूला ठेवून हेच सांगते.

मला क्रोन्स आहे. आतड्याला सूज येते, जखमा होतात. बऱ्याचदा लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला. न्यूयॉर्कच्या डॉ. बरिल क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ साली त्याचं वर्णन केलं. आपल्याकडे तो आतड्याच्या क्षयासारखाच दिसतो, त्यामुळे मी आधी सहा महिने क्षयाच्या गोळ्या खाल्ल्या. खरं निदान झालं तेव्हा वजन होतं एक्केचाळीस किलो.

औषधांनी आजार शांत झाला. पण तो शांत ठेवणं हे वेगळंच काम. आमच्या धंद्यातही प्रोग्रॅम लिहिण्यापेक्षा तो वर्षानुवर्षं चालू ठेवणंच जिकिरीचं असतं! जपानमध्ये २००६ साली ५१ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आजार शांत असलेल्या २६ जणांना रोजचे निम्मे उष्मांक अमिनो आम्लांच्या तयार द्रव आहारातून दिले, बाकी जेवण नेहमीचं. त्यांच्यातल्या ९ जणांचा आजार उलटला. नेहमीचंच जेवणाऱ्या २५ जणांत मात्र १६ जणांचा. अभ्यास लहान आहे, पण मला निम्मं ताट सोडायला तेवढा पुरला. माझी पावडर तीच नाही. माझ्या डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञ बाईंनी ठरवून दिलेली आहे. आतडं एका जागी अरुंद झालंय, म्हणून मक्याचं कणीस, मोडाची मटकी, फळांच्या साली बंद. दुधी, केळं, मऊ भात चालतो.

आता माझा मूर्खपणा. दोन वर्षं बरी होते, तेव्हा वाटलं आहारानेच जमतंय. कुणाला न विचारता इंजेक्शनं बंद केली. पाचव्या महिन्यात आईच्या पंच्याहत्तरीला घरी ओवाळणी चालू होती आणि मी सलाईन लावून पडले होते. आई अजून त्यावर काही बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

काल रात्री आपल्यातल्या एकाचा फोन आला. त्याच्या मुलाला हेच निदान झालंय. अरे, मुलांमध्ये सहा ते आठ आठवडे फक्त द्रव आहार देऊन आजार शांत करतात, तो तिथे पहिल्या पसंतीचा उपचार आहे. डॉक्टरांना त्याबद्दल नक्की विचार. पण त्या आठवड्यांत घरात तळण तळू नका, पोराला वास सहन होत नाही.

आचाऱ्यांना विचारून आलेय, दुपारी वरणभात आहे. बाई, तुम्ही ताटात टाकलेलं मोजायचात ना? आज माझं ताट बघा.